‘जातो’ म्हणायची शिळा

वाटपाह्या डोंगराच्या खिंडीत, घाटाची जुनी पायवाट जिथे माथ्याला लागते तिथे, गुडघाभर उंचीची एक काळी शिळा आहे. तिच्यावर शेंदूर नाही की काही कोरलेले नाही. बसून बसून एका बाजूने ती गुळगुळीत झाली आहे, एवढेच. पाहुणे चढून येतात, वारा खातात, डोंगर पाहतात आणि परत फिरायची वेळ झाली की या शिळेपाशी त्यांची पंचाईत होते.

आपल्याकडे निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. विरजण मागायला आलेली शेजारीणसुद्धा उठताना ‘येते हं’ म्हणते. चुकून एखाद्याच्या तोंडून ‘जातो’ निघालेच, तर घरातले मोठे माणूस लगेच दटावते, ‘येतो म्हण.’ खिंडीत मात्र उलटी रीत आहे. इथे डोंगराकडे तोंड करून स्पष्ट ‘जातो’ म्हणायचे आणि मगच पाठ फिरवायची. पाहुण्यांची जीभ अडखळते. बायका एकमेकींकडे पाहतात. कुणी हळूच पुटपुटतो, कुणी सवयीने ‘येतो’ म्हणून बसतो आणि मग शिळेची झाडलोट करणारे हैबती गुरव त्याला गंभीरपणे सांगतात, “आता तुम्हाला परत यावं लागणार बघा. भाड्याची गाडी असली तर ड्रायव्हरला आत्ताच सांगून ठेवा.”

सगळे हसतात. हसणे ओसरले की कुणीतरी विचारतेच, की बाबा, असे का? मग हैबतीबाबा उपरण्याने शिळा पुसतात, पाहुण्यांना उन्हाकडे पाठ करून बसवतात आणि समोर बोट दाखवतात. तिथून डोंगर नीट दिसतो. वेटोळे घालून बसलेल्या जनावरासारखा एकावर एक वळसा, आणि सगळ्यांत वरचा सुळका आभाळाकडे न जाता खाली कललेला, खिंडीकडे, थेट शिळेच्या पुढ्यात.

“असं सांगतात,” हैबतीबाबा सुरू करतात, “की पूर्वी ही मान वर होती.”

तेव्हा या खिंडीतून बैलांचे तांडे जात. कोकणातून मीठ आणि सुकी मासळी वर येई, वरची ज्वारी आणि गूळ खाली उतरे. खिंडीच्या वरच्या कपारीत एक जनावर राहत होते. त्याचे नाव घ्यायचे नाही म्हणून लोक त्याला ‘थोरलं’ म्हणत. त्याच्या अंगावर खवले आहेत की खडक, हे लांबून कळत नसे. पाठीवर शेपटापर्यंत काटेरी तुरा होता. त्याच्या श्वासाने करवंदीच्या जाळ्या करपून जात, आणि त्याने फणा उभारला की भर दुपारी खिंडीत सावली पडे. ते जागेवरून हलले की खाली गावातल्या विहिरींचे पाणी हिंदकळे, म्हणे. पाणी हिंदकळले की बाया कळशा टाकून घरात पळत. थोरल्याला भूक लागली, एवढाच त्याचा अर्थ होता. आधी ते तांड्यातला एखादा बैल नेई. पुढे पुढे बैलामागचा माणूसही नेऊ लागले.

खाली गावात येसाई नावाची बाई होती. तेव्हा ती कुणी संत नव्हती. रायाजी नावाच्या बैलवाल्याची बायको होती. एका सकाळी रायाजी तांड्याबरोबर कोकणात निघाला. उंबऱ्यात थांबून त्याने पागोटे सारखे केले आणि नेहमीसारखा ‘येतो गं’ म्हणाला. तांडा परतला, रायाजी परतला नाही. कुणी म्हणे, खाडीकाठच्या एका गावात तापाने मागे राहिला. कुणी म्हणे, तिकडे दुसरे घर केले. कुणी नुसते खिंडीकडे पाहून गप्प बसे. येसाईने यातले काहीच धरले नाही. तो येतो म्हणाला होता, तेवढे तिने धरले.

तेव्हापासून तिने दाराला कडी लावली नाही. अवेळी आला तर त्याला दार ठोठावावे लागू नये. चुलीवर एका माणसाचे जास्त शिजू लागले. ते जास्तीचे खायला रायाजी आला नाही, पण घाट चढून थकलेले वाटसरू आले. उघडे दार पाहून आधी एक आला, मग त्याने दुसऱ्याला सांगितले. दारात सावली पडली की येसाई वर पाही, आधी चेहरा बघे आणि मग पान वाढी. ते बघणे पापणी लवण्याइतकेच असे. पण ज्यांनी ते पाहिले त्यांना त्या घरात खोटे बोलता आले नाही, असे सांगतात. लोक तिला आई म्हणू लागले. तिने कुंकू पुसले नाही आणि पूस म्हणण्याची कुणाची छाती झाली नाही.

अशी बरीच वर्षे गेली. मग एका उन्हाळ्यात थोरले फारच माजले. गावातली धडधाकट माणसे एकापाठोपाठ गेली. येसाईच्या शेजारी कोंडाबाई राहायची. तिचा नवरा करवंदे आणायला वर गेला आणि त्याची टोपली तेवढी जाळीत अडकलेली सापडली. सुभानजी पाटलांनी गाव गोळा केले. नदीपलीकडे माळावर वस्ती हलवायची असे ठरले. गाड्या जुंपण्याची तयारी झाली.

येसाई म्हणाली, “तुम्ही जा. मी राहते.”

“एकटी? त्याच्या तोंडाशी?” पाटील म्हणाले.

“माझा माणूस आला तर गाव कुठं गेलं, हे सांगायला कुणी नको?”

मागे कुणीतरी हसले. पाटील हसले नाहीत. ते खाली पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी उन्हे वर आल्यावर येसाई पदर खोचून खिंडीची वाट चढू लागली. गावासाठी जीव द्यायला ती गेली, असे कीर्तनकार सांगतात. कोंडाबाईच्या घराण्यातले लोक तसे सांगत नाहीत. त्यांचे म्हणणे असे, की तिला फक्त एक गोष्ट विचारायची होती, आणि विचारायला आता दुसरे कुणी उरले नव्हते.

ती या शिळेवर येऊन बसली. थोरल्याने नुकताच एक बैल गिळला होता आणि ते सुस्तावून पडले होते. त्याने एक डोळा उघडला.

“भीत नाहीस?”

“भीते. पण विचारायचं आहे. माझा माणूस तू खाल्लास का? उंच होता. गोण्या वाहून डाव्या खांद्याला घट्टा पडला होता. रायाजी नाव.”

“बाई, मी भूक लागली की खातो. नावं मला कोण सांगतं?”

येसाईने खाली वाटेकडे पाहिले. कदाचित खाल्ला असेल, कदाचित नसेल. ज्याला ठाऊक असायला हवे होते, त्यालाही ठाऊक नव्हते. वारा सुटला होता, खाली गावात धूर दिसत होता. तिला आठवले की पीठ मळून ठेवले आहे. ती उठली, लुगडे झटकले, आणि कुणाच्याही घरून उठताना जे तोंडून निघते तेच सवयीने निघाले.

“बरं, येते.”

“कधी?” थोरल्याने विचारले.

तिला वाटले, वारा असेल. ती उतरून घरी आली.

त्यानंतर विहिरींचे पाणी हिंदकळले नाही. लोक दचकत दचकत आडाला जात, वाकून पाहत, पाणी स्थिर. गुराखी सांगत आले, की थोरले कपारीतून बाहेर येऊन बसले आहे, मान उंच केली आहे आणि एकटक गावाच्या वाटेकडे पाहते आहे. शेळ्या त्याच्या शेपटावरून गेल्या तरी ढिम्म हलत नाही. कुणालाच काही उमगेना. मग पारावर कोंडाबाईने येसाईला सरळ विचारले, की वर काय काय बोललीस ते सांग. येसाईने सगळे सांगितले. शेवटचा शब्द ऐकला आणि कोंडाबाई कपाळावर हात मारून हसायला लागली. नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

“आक्का, तू त्याला येते म्हणालीस व्हय? मग बसलंय ते. त्याला काय ठावं आपली रीत? आपण मेली विहिरीवरनं उठताना बी येते म्हणतो. त्यानं खरं धरलं.”

सगळा पार हसला. पोटे दुखेपर्यंत हसले लोक. सुभानजी पाटलांनी डोळे पुसले आणि गाड्यांवरचे सामान उतरवायला सांगितले. “बसू द्या त्याला,” ते म्हणाले. “जन्मभर बसू द्या.”

येसाईला हसू आले नाही. ती घरी गेली, भाकरी तव्यात टाकली आणि ती करपून कोळसा होईपर्यंत तशीच बसून राहिली. आपल्या एका शब्दावर कुणीतरी मान उंच करून बसले आहे, हे तिला सोसेना. ते जनावर असले म्हणून काय झाले. त्या बसण्यातले सारे तिला ठाऊक होते. वाटेवर धूळ उठली की काय होते ते, आणि धूळ बसली की काय होते तेही.

ती पुन्हा वर गेली. थोरले तिला लांबूनच पाहत होते.

“आलीस,” ते म्हणाले.

“खाणार का मला?”

“आठवण राहिली नाही भुकेची. वाट पाहताना भूक लागत नाही.”

“ठाऊक आहे मला,” येसाई म्हणाली आणि शिळेवर बसली.

त्या दिवशी निघताना ती ‘येते’ म्हणाली ते सवयीने नव्हे. पुढे ती नेमाने वर जाऊ लागली. गावात काय चालले आहे ते थोरल्याला सांगे. कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणाची म्हैस आटली, कोंडाबाई आज कुणाशी भांडली. थोरले ऐके. साप वाऱ्यावर जगतो असे जुने लोक मानत, तसे ते वाऱ्यावर राहू लागले. अंग वाळले, खवल्यांच्या फटीत माती साठली, मातीत गवत आले. पाठीच्या काट्यांत मधमाश्यांनी पोळी धरली. मान मात्र तशीच वर, गावाच्या वाटेकडे. तांडे बिनघोर जाऊ लागले. येसाईने जनावर वश केले म्हणून लांबून लोक दर्शनाला आले, नारळ घेऊन आले, नवस बोलले. ती नारळ फोडून खोबरे वाटसरूंच्या आमटीत घाली. “मी वश नाही केलं,” ती म्हणे, “शब्दात अडकवलं.” लोकांना तो विनय वाटे.

रायाजी आला नाही. येसाई म्हातारी झाली. आपल्याला आता फार दिवस काढायचे नाहीत हे तिला कळले, आणि ती म्हणाली, मला एकदा खिंडीत न्या, त्याला जाते म्हणून सांगायचे आहे.

गाव हादरले. सुभानजी पाटीलही तोवर काठी टेकत चालत होते. ते चार मोठी माणसे घेऊन आले आणि तिच्या अंथरुणापाशी बसले.

“आई, तेवढं करू नका,” ते म्हणाले. “तुम्ही काही न बोलता डोळे मिटलेत, तर ते बसून राहील. शेवटपर्यंत बसेल. तुम्ही जाते म्हणालात की ते सुटलं. मग ही पोरंबाळं कुणी वाचवायची?”

येसाईला ते पटत होते. दाराबाहेर मुलांचा गलका चालला होता आणि तो तिला ऐकू येत होता.

“पाटील, मी त्याला फसवलं नाही. चुकून बोलले, आणि मग खरं केलं,” ती म्हणाली. “आता न सांगता गेले, तर ती फसवणूक होईल.”

“जनावर आहे ते.”

“बसलेलं आहे. मीही बसले. माझ्याकडं कुणी सांगायला आलं नाही. जो गेला असेल त्याला जमलं नसेल, पण मला चालता येतंय तोवर मी तसं करणार नाही.”

तिला चालता येत नव्हते. हे सगळ्यांना दिसत होते. पाटील उठले आणि बाहेर जाऊन म्हणाले, की हिला वर नेण्यासाठी कुणी डोली करायची नाही. कुणी केली नाही.

येसाईला कोंडाबाईने पाठीवर घेतले. तीही काही तरुण नव्हती. सकाळी ती आत आली, येसाईसमोर पाठ करून बसली आणि म्हणाली, “चढ.”

“तुझा नवरा त्यानंच नेला, कोंडे.”

“व्हय. टोपली मिळाली मला. रडले, वर्षसराध घातलं, मोकळी झाले. तुला तेवढं बी नाही मिळालं.” तिने येसाईचे हात आपल्या गळ्याभोवती घेतले. “धर घट्ट. आणि वाटेत अभंग म्हणू नकोस, मला दम लागतो.”

गावाने दारे लावून घेतली. ज्यांच्याकडे भाले होते ते भाले घेऊन वेशीवर उभे राहिले. दोघी म्हाताऱ्या बसत, उठत खिंडीत पोहोचल्या. कोंडाबाईने येसाईला शिळेवर टेकवले आणि ती बाजूला उभी राहिली. पळाली नाही. दम उरला नव्हता म्हणून पळता आले नाही, असे ती पुढे सांगायची.

“आज उशीर केलास,” थोरले म्हणाले.

“हो. आज येते म्हणायला आले नाही. जाते.”

थोरल्याने हा शब्द कधी ऐकला नव्हता. “म्हणजे कधी येशील?”

“येणार नाही. म्हणून तर सांगायला आले.”

थोरल्याचा श्वास थांबला. खिंडीतला वाराही पडला. वेशीवरच्या लोकांनी पाहिले, की इतकी वर्षे स्थिर असलेली मान हलली. कित्येकांनी डोळे मिटले. गावातल्या विहिरी काठोकाठ हिंदकळल्या.

“मग आता मी कुणाची वाट पाहू?” थोरल्याने विचारले.

“कुणाचीच नाही,” येसाई म्हणाली. “झालं आता. नीज.”

लेकराला सांगावे तसे ती म्हणाली, असे कोंडाबाई सांगायची. थोरल्याने मान खाली आणली. हळूहळू आणली, आणि ती शिळेच्या पुढ्यात टेकवली, इतकी जवळ, की येसाईने हात पुढे करून त्याच्या डोळ्यांवरून फिरवला. ते डोळे पुन्हा उघडले नाहीत. येसाईचा हातही तिथून मागे आला नाही. कोंडाबाई ऊन उतरेपर्यंत वाट पाहत उभी राहिली, मग जवळ गेली. बोटांनी चाचपले तेव्हा येसाई थंड होती आणि थोरले दगड झाले होते.

गावाने तिला तिथेच खिंडीत माती दिली. सुभानजी पाटील अनवाणी वर आले, शिळेपाशी उभे राहिले आणि डोंगराकडे पाहून म्हणाले, “चुकलो.”

गोष्ट इथे संपते. पाहुणे कललेल्या सुळक्याकडे नव्याने पाहू लागतात. कुणी विचारते, की बाबा, ते तर दगड झाले, मग आता जातो म्हणून कशाला सांगायचे? हैबतीबाबा म्हणतात, “डोंगर ऐकतो म्हणून नव्हे. आपल्याला म्हणता यावं म्हणून.”

आजही गावात या शब्दाला जपतात. परत यायचे असेल तरच ‘येतो’ म्हणतात. लेक सासरी निघाली की ‘येते’ म्हणते आणि पंचमीला खरोखर येते. कायमचे गाव सोडून शहरात निघालेला माणूस खिंडीत येऊन ‘जातो’ म्हणतो, मग बस पकडतो. आणि घरातले कुणी वारले, त्याला जाताना बोलता आले नाही, तर त्याच्या वतीने मागे राहिलेले माणूस वर येते. शिळेवर बसायचे आणि म्हणायचे, अमका गेला. म्हटले की खाली उतरायचे.

“लगेच म्हणता येतं का?” एका पाहुण्याने त्यांना विचारले होते.

“कुठलं येतं,” हैबतीबाबा म्हणाले. “आमची कारभारीण गेली तेव्हा मी वर यायचो, झाडलोट करायचो, बसायचो, आणि पुन्हा ‘येतो’ म्हणून खाली जायचो. बरेच दिवस. डोंगराला घाई नाही.”

आजही पाहुण्यांच्या घोळक्यातले एखादे माणूस निघताना मागे रेंगाळते. चपलेचा पट्टा आवळत बसते, नाहीतर उगाच सुळक्याकडे पाहत राहते. हैबतीबाबा त्याला हाक मारत नाहीत. बाकीच्यांना घेऊन ते वाट उतरू लागतात आणि मोठ्या आवाजात करवंदांचे, पावसाचे, रस्त्याच्या डांबराचे काहीबाही बोलत राहतात. मागे राहिलेल्याला कळावे, की आपण काय म्हणतो ते इथे कुणी ऐकत नाही.